हट्ट्याचा व्हिक्टर

वैजनाथ कऱ्हाळे आमच्या वसमतच्या शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवतो. राहायला हट्ट्याला, रोज मोटारसायकलनं जाऊन येऊन. वर्गात तो मनापासून बोलतो, पोरं त्याच्या तासाला खिडकीबाहेर बघत नाहीत. पण मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आला की कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून डबा खातो, कुणी घरचं विचारलं तर "बरं आहे" म्हणतो आणि पुन्हा डब्यात बघतो. नवा माणूस त्याला घमेंडी समजतो. मीही समजलो होतो. मग एकदा परीक्षेच्या कामासाठी आम्ही दोघं दिवसभर एका खोलीत अडकलो, तेव्हा त्यानं थोडं सांगितलं. उरलेलं त्याच्या बायकोनं, पुनमनं सांगितलं, मी त्यांच्याकडे वर्षाची हळद घ्यायला गेलो होतो तेव्हा. तिला सांगायला कुणीतरी हवंच होतं असं वाटलं.

वैजनाथचे वडील तातेराव हळद करतात. सिद्धेश्वरच्या कालव्याचं पाणी त्यांच्या शेतापर्यंत येतं. एकुलता एक पोरगा नांदेडला शिकायला गेला आणि संस्कृत घेऊन एम. ए. झाला. गावात कुणाला त्याचा अर्थ लागेना. लोक त्याला लग्नात मंगलाष्टकं म्हणायला बोलवायचे आणि तोही जायचा. पुढे हिंगोलीच्या एका कॉलेजात तासावर शिकवायला लागला, पण तिथं संस्कृत घेणारी पोरंच कमी होत गेली आणि एका जूनमध्ये विषयच बंद झाला. तोवर लग्न झालं होतं, आरोही झाली होती. तो हट्ट्याला येऊन बसला.

अशा वेळी गोपीचंदचा फोन आला. गोपीचंद गावंडे कनेरगाव नाक्याचा. नांदेडला दोघं एका खोलीत राहिले होते, एकाच ताटात जेवले होते. अभ्यासात वैजनाथ पुढं, बोलण्यात गोपीचंद. प्राध्यापकांनी प्रश्न विचारला की वैजनाथला उत्तर यायचं आणि गोपीचंद ते उठून सांगायचा. त्यावरून त्यांच्यात कधी वाकडं आलं नाही.

"लॅटिन शिकतो का?" गोपीचंदनं विचारलं.

"काय?"

"लॅटिन. पुण्याची एक कंपनी हाय. इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकायले घरबसल्या शिकवते. त्यायले संस्कृतवाले पाह्यजेत. म्हणे ज्याले विभक्त्या येतात त्याले लॅटिन लवकर येते. आधी आपल्याले शिकवतात, मग आपण शिकवायचं."

खरंच लवकर आलं. वैजनाथला त्या चार-पाच महिन्यांची आठवण सांगताना अजून हसू येतं. संस्कृतमधलं 'ददामि' आणि लॅटिनमधलं 'दो', दोन्हींचा अर्थ 'मी देतो', आणि मुळात दोन्ही एकच, हे त्याला कळलं त्या दिवशी तो आरोहीला खांद्यावर घेऊन घरभर फिरला होता. हट्ट्याला नेटवर्क धड नव्हतं, म्हणून त्यानं हिंगोलीत घर भाड्यानं घेतलं. वरची खोली कामाची केली. दोन टेबलं, दोन खुर्च्या, एक इन्व्हर्टर. एक टेबल गोपीचंदचं. तो रोज नाक्यावरून गाडीनं यायचा, दुपारी खाली जेवायचा. पुनमला तो वहिनी म्हणायचा, तीही त्याच्या पानात गरम भाकरी आधी वाढायची. त्याला ठेचा लागायचा म्हणून घरात ठेचा कधी संपू दिला नाही, असं ती म्हणाली.

कंपनीचे नियम होते. कॅमेरा बंद ठेवायचा. खरं नाव, खरं गाव सांगायचं नाही. विद्यार्थ्यांना असं सांगितलेलं असायचं की हे शिक्षक गोव्याच्या जुन्या घराण्यांतले, त्यांच्या कानावर लहानपणापासून लॅटिन पडलेलं. वैजनाथचं नाव व्हिक्टर ठेवलं, गोपीचंदचं मार्टिन. व्हिक्टरची माहितीही तयार होती: आई शिक्षिका, वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. वैजनाथला पहिल्या दिवशी हे म्हणताना घाम फुटला. गोपीचंदला मजा वाटली. पुढे वैजनाथलाही सवय झाली.

डॉरीन त्याची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. इंग्लंडच्या समुद्रकाठच्या एका गावात राहणारी, सत्तरी ओलांडलेली. आयुष्यभर बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. चर्चमधल्या गाणाऱ्या मंडळींत ती पोरवयापासून गायची, आणि ती गाणी लॅटिनमध्ये. "अर्थ न कळता मी म्हातारी झाले," ती पहिल्या तासाला म्हणाली होती, "मरायच्या आधी कळावा एवढंच." आठवड्यातून दोनदा, आपल्याकडची दुपार आणि तिच्याकडची सकाळ, असा तास असायचा. ती हळू शिकायची, पण शब्द सोडायची नाही. पुनम खालून तिचा खरखरीत आवाज ऐकायची. पुनमनंच तिला 'डॉरीनबाई' केलं.

एका दुपारी एका क्रियापदावर तास अडला. त्रादेरे. लॅटिनमध्ये पावलोपावली भेटणारं. डॉरीनच्या समोर शब्दकोश उघडा होता आणि त्यात या एका शब्दाला अख्खं पान दिलेलं होतं.

"व्हिक्टर, हे काय आहे?" ती म्हणाली. "इथं लिहिलंय हातात देणं. खाली लिहिलंय शिकवणं. त्याच्या खाली विश्वासघात करणं. छापण्यात चूक झालीय का?"

"चूक नाही," वैजनाथ म्हणाला. "दोन तुकडे आहेत. पहिल्याचा अर्थ पलीकडे, दुसऱ्याचा देणं. आपल्या हातातलं पलीकडच्या हातात देणं. बाकी सगळं त्यातून निघालं."

मग त्यानं एकेक वाक्य करून दाखवलं. आईनं लेकरू दाईच्या हातात दिलं. सरदारानं किल्ला शत्रूला दिला. बापानं मुलगी एका घरात दिली. गुरूनं विद्या दिली. म्हाताऱ्यानं नातवाला जुनी गोष्ट दिली, ती त्यानं त्याच्या पोराला दिली; 'असं सांगतात बुवा' म्हणायलाही लॅटिन माणूस हेच क्रियापद वापरतो. एखादा स्वतःलाच कामाला देऊन टाकतो, तेव्हाही हेच. आणि एखादा मित्राला शिपायांच्या हातात देतो, तेव्हाही.

"इंग्रजीतलं ट्रॅडिशन यातूनच आलं," तो म्हणाला. "ट्रेटरही यातूनच."

"आणि ट्रेड?"

"ते नाही. ते वेगळं आहे."

डॉरीननं शब्दकोश मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बाळ जन्मलं की पुसून आईच्या हातात द्यायचं, हे मी हजारो वेळा केलं. ते त्रादेरे?"

"ते त्रादेरे."

"आणि आमच्या गाण्यात दर वर्षी ईस्टरच्या आधी हा शब्द येतो. मला वाटायचं, काहीतरी परंपरेबद्दल असेल."

"तिथं अर्थ प्रभूला शिपायांच्या हाती धरून दिलं असा आहे," वैजनाथ म्हणाला. "जवळच्या माणसानं."

"मग ऐकणाऱ्याला कळायचं कसं, कोणता अर्थ?"

"कोणी, कोणाला, कोणाच्या हातात दिलं, ते बघायचं. शब्दात ते नसतं. आमच्या भाषेतही असंच आहे. आम्ही मुलगी देतो, वचन देतो, शिवी देतो, साथ देतो, दगा देतो. सोडून देतो, जाऊ देतो. सगळं एकाच देण्यात."

हे बोलताना तो रंगला होता. मी त्याचे तास बाहेरून ऐकलेत, त्यामुळे तो कसा बोलला असेल याची मला कल्पना आहे. एकामागून एक उदाहरणं त्यानं आधी मराठीत म्हटली आणि मग इंग्रजीत सांगितली.

डॉरीननं विचारलं, "ही कोकणी?"

इथं 'हो' म्हटलं असतं तर काही झालं नसतं. वैजनाथ म्हणतो की तोंडात 'हो' आलंही होतं. पण नुकतंच त्या बाईनं बाळं आईच्या हातात दिल्याचं सांगितलं होतं आणि त्याला ते 'हो' बाहेर काढवेना.

"मराठी," तो म्हणाला. "मी गोव्याचा नाही. माझं नाव व्हिक्टर नाही."

मग तिनं विचारलं, "मग दीड वर्ष मी कोणाशी बोलत होते?"

"माझ्याशीच. फक्त नाव दुसरं होतं. माझं नाव वैजनाथ. गावाचं नाव हट्टा, हिंगोली जिल्हा. माझे वडील हळद लावतात."

"ते ऑर्गन वाजवत नाहीत?"

"नाही."

ती हसेल असं त्याला वाटलं, पण ती हसली नाही. तिनं नावाचं एकेक अक्षर विचारून घेतलं आणि दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा चुकलं. मग म्हणाली, "मला वाईट वाटलंय, ते मी लपवणार नाही. पण तुम्ही सांगितलंत. पुढच्या तासाला आपण हेच क्रियापद भूतकाळात करू." पुढच्या तासापासून ती त्याला वाइजनाट म्हणायला लागली. आरोहीची चौकशी करायची, हळद जमिनीखाली येते का वर येते ते विचारायची. वैजनाथ म्हणतो, शिकवण्याचे ते दिवस त्याच्या आयुष्यात सगळ्यात चांगले गेले.

हे त्यानं एका माणसाला सांगितलं. त्याच दिवशी, चहा पिताना, गोपीचंदला.

"मोकळं वाटून राहिलं," वैजनाथ म्हणाला. "पण कुठं बोलू नको."

"कोणापाशी बोलू मी? मले सांगितलं ते इथंच राह्यलं," गोपीचंद म्हणाला आणि पुनमला अजून अर्धा कप मागितला.

दोन महिने गेले असतील. एका दुपारी डॉरीनचा तास चालू असताना वाक्याच्या मध्येच पडदा काळा झाला. वैजनाथला वाटलं नेटवर्क गेलं. तेवढ्यात फोन वाजला. कंपनीच्या मॅडम होत्या, ज्यांनी त्याला शिकवलं होतं त्याच. त्यांचा आवाज शांत होता. तुम्ही विद्यार्थिनीला खरी ओळख सांगितलीत, त्या म्हणाल्या, आणि तिला कंपनीतून फोडून खाजगीत शिकवणी घ्यायचा तुमचा विचार आहे असंही आम्हाला कळलंय. तुमचं काम आजपासून बंद.

"ओळख सांगितली हे खरं हाय," वैजनाथ चाचरत म्हणाला. "दुसरं मी कधी मनातसुद्धा आणलं नाही. मला त्यांच्याशी दोन मिनिटं बोलू द्या. वाक्य अर्धंच राहिलंय."

मॅडमनी नाही म्हटलं.

तो खाली आला तेव्हा गोपीचंद त्याच्या मागोमाग आला. त्यानं वैजनाथच्या पाठीवर हात ठेवला. "तास रेकॉर्ड होतात ना सगळे," तो म्हणाला. "कोणी तरी ऐकलं असंन. तू घाबरू नको. मी मॅडमशी बोलून पाह्यतो." त्या दिवशी वैजनाथला जेवण गेलं नाही. गोपीचंदनं आग्रह करून त्याला दोन घास खायला लावले. पुनमला ते बघून बरं वाटलं होतं. "निदान भाऊजी तरी हायेत, असं मला वाटलं," ती म्हणाली आणि हातातली हळदीची पिशवी उगीचच पुन्हा बांधली.

आठवड्यानं वैजनाथ आमच्या शाळेत जागा आहे का ते विचारायला वसमतला आला होता. घरी पुनम आणि आरोही, वर गोपीचंद काम करत होता. तीनच्या सुमारास पुनम चहा घेऊन जिना चढली. दार लोटलेलं होतं. आतून आवाज आला. पुनम बारावी झालेली आहे, तिला एवढं इंग्रजी कळतं. गोपीचंद म्हणत होता, "हॅलो डॉरीन, मी व्हिक्टर. घसा बसलाय, म्हणून आवाज वेगळा येतोय."

पुनम चहा घेऊन तशीच खाली आली आणि ओट्यावर कप ठेवून उभी राहिली.

वैजनाथ संध्याकाळी पोचला. चप्पल काढायच्या आधीच तिनं त्याला सांगितलं. तो वर गेला. गोपीचंद सामान आवरत होता.

"डॉरीनबाईला तू शिकवून राहिला?"

गोपीचंद वायर गुंडाळत होता, ती त्यानं टेबलावर ठेवली. "आज पह्यलाच तास होता. तुले सांगणारच होतो."

"व्हिक्टर म्हणून?"

"नाव बदललं तर विद्यार्थी सोडून जातात म्हणे. नाव कंपनीचं हाय, वैजू. ना तुझं, ना माझं."

"त्या काय म्हणाल्या?"

"तुझंच इचारून राह्यली होती. वैजनाथ कुठं हाय म्हणे."

"मग?"

गोपीचंदनं खिडकीकडे बघितलं. "मी म्हणलं, असा कोणी माणूस मले माहीत न्हाई."

वैजनाथ खुर्चीवर बसला. त्याला त्या क्षणी राग आला नाही असं तो सांगतो. डोकं मात्र सरळ चालायला लागलं. तो म्हणाला, "नाव सांगितलं ते रेकॉर्डिंगात असंल. पण तिला फोडून न्यायचं मी कधी बोललोच न्हाई. ना तिच्याशी, ना कुणाशी. मग ते कंपनीला कुठून कळलं?"

गोपीचंद टेबलावरची वायर पुन्हा गुंडाळायला लागला.

"तू सांगितलंस?"

"मी तसं न्हाई म्हणलं. मी म्हणलं, उद्या तो तिले बाहेर घेऊन गेला तर. होऊ शकते, एवढंच म्हणलं."

"काहून?"

"त्यायले आपल्यातून एक जण टीम लीडर करायचा होता. मले इचारलं, वैजनाथवर भरोसा ठेवावा का." त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "तुह्या बापाची हळद हाय, कालव्याचं पाणी हाय. माह्यापाशी काय हाय? नाक्यावर मायचं चहाचं हॉटेल, तेबी दुसऱ्याच्या जागेत. तू पडला तरी तुले जमीन हाय खाली."

"मला विचारलं असतंस तर मी ती जागा सोडली असती."

"माहीत हाय," गोपीचंद म्हणाला. "म्हणूनच न्हाई इचारलं."

हे वाक्य वैजनाथ अजून विसरलेला नाही. त्यानं ते मला जसंच्या तसं सांगितलं आणि मग बराच वेळ उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सारखा करत राहिला.

पुनम जिन्यात उभी होती. गोपीचंद बॅग खांद्याला लावून खाली उतरला तेव्हा ती बाजूला झाली नाही. "भाऊजी," ती म्हणाली, "एवढे दिवस तुमी माझ्या हातचं जेवले. मी एक विचारते. त्या दिवशी ह्यांना घास भरवताना तुमच्या मनात काय चाललं होतं?"

तो म्हणाला, "वहिनी, मले खरंच वाईट वाटून राह्यलं होतं."

"ते तर जास्तीच वाईट," पुनम म्हणाली आणि तिनं वाट सोडली.

नोकरीचं दुःख दोन-तीन महिन्यांत ओसरलं. दुसरं ओसरलं नाही. डॉरीनला पहिल्यांदा एकानं सांगितलं मी व्हिक्टर, मग त्यानंच सांगितलं मी वैजनाथ, आणि मग तिसऱ्याच आवाजानं सांगितलं की वैजनाथ नावाचा कुणी नाहीच. आता तिच्या लेखी आपण कोण, हे वैजनाथच्या मनातून जाईना. तिचं आडनाव त्याला माहीत नव्हतं. कंपनी फक्त पहिलं नाव द्यायची. गावाचं नाव तिनं कधी काढलं नव्हतं, समुद्र आणि वारा एवढंच. पुनमनं शोधायचं मनावर घेतलं. भाकऱ्या थापता थापता ती मोबाईलवर इंग्लंडमधल्या चर्चमधली गाणी लावायची, एकामागून एक, आणि म्हाताऱ्या बायकांच्या रांगेत कान देऊन ऐकायची. तिनं डॉरीनला कधी पाहिलेलं नव्हतं. तिला तो खरखरीत आवाज तेवढा माहीत होता, आणि पंचवीस-तीस माणसं एकत्र गायला लागली की एकीचा आवाज वेगळा निघत नाही. शेवटी वैजनाथच म्हणाला, बस कर. डॉरीनपाशी तर त्याचं नाव, गाव, जिल्हा सगळं होतं. तिच्याकडून काही येईल अशी त्यानं वाट पाहिली. काही आलं नाही.

हिंगोलीचं घर सोडून ते हट्ट्याला परत गेले तेव्हा हळद शिजवायचे दिवस होते. तातेरावांनी सगळं ऐकून घेतलं. ते कढईजवळ बसून जाळ सारत होते. गोपीचंदबद्दल ते एका शब्दानं बोलले नाहीत. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजी दीड वर्ष मी ऑर्गन वाजवत होतो म्हण की."

"दादा, ते कंपनीनं लिहून दिलं होतं."

"लिहून त्यांनी दिलं. म्हणलं कोण?"

वैजनाथनं एक लाकूड जाळात सारलं.

"तुला माझं नाव सांगायची लाज वाटली असं मी म्हणत न्हाई," तातेराव म्हणाले. "पण ते ऑर्गन का काय ते मला दाखव एकदा. मी काय वाजवत होतो ते मला तरी कळू दे."

वैजनाथनं मोबाईलवर काढून दाखवलं. तातेरावांनी पूर्ण ऐकलं, मान हलवली आणि पुन्हा जाळ सारायला लागले. पुढचे बरेच दिवस ते मुलाशी कामापुरतंच बोलत होते. वैजनाथ म्हणतो, गोपीचंदनं माझ्याशी काय केलं ते मला तेव्हा नीट कळलं, कारण दादांच्या तोंडावर तेच दिसत होतं.

त्यानंतर तो आमच्या शाळेत लागला. इकडे कंपनीनं वर्षभरात माणसं कमी केली, आधीचे रेकॉर्ड केलेले तासच विकायला काढले आणि गोपीचंदही घरी बसला. तो आईच्या हॉटेलावर गल्ला सांभाळतो असं वैजनाथच्या कानावर आलं. त्यानं ते ऐकून घेतलं, विचारलं काही नाही.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता गोपीचंदच्या आईचा, मिराबाईंचा निरोप आला. नांदेडला शिकत असताना सुट्टीला हे दोघं नाक्यावर उतरले की मिराबाई त्यांना भट्टीजवळ बसवून गरम भजी खाऊ घालायच्या, आणि जाताना वैजनाथच्या खिशात शेंगदाण्याचा लाडू कोंबायच्या. आता त्यांना अंथरूण धरून महिना झाला होता आणि त्यांनी वैजनाथचं नाव काढलं होतं. पुनम म्हणाली, जाऊ नका. मग रात्रभर विचार करून सकाळी तीच म्हणाली, जाऊन या, म्हातारीनं काय केलंय.

तो हिंगोलीला गाडी लावून बसनं नाक्यावर गेला. मिराबाई हॉटेलामागच्या खोलीत बाजेवर होत्या. त्यांनी त्याचा हात धरला.

"काहून येईना रे तू? गोप्या म्हणते कामात हायस. मी म्हणलं, एवढं कोणतं काम हाय त्याले की मावशी आठोत न्हाई."

"शाळा असते मावशी."

"तुमचं काही भांडण झालं का?"

त्यांना काही माहीत नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं. गोपीचंद दारात उभा होता, हातात पाण्याचा तांब्या. त्यानं मान खाली घातली.

"न्हाई," वैजनाथ म्हणाला.

"मंग आईक. गोप्याले भाऊ न्हाई. त्याचा सोभाव तुले माहीत हाय, लवकर घाबरते अन् मंग काही बी करते. माह्यानं आता होत न्हाई. तुह्या हवाली करून चालली मी त्याले. सांभाळशीन ना?"

वैजनाथला वाटलं, हात सोडवून घ्यावा. पण म्हातारीची पकड घट्ट होती आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

"व्हय, मावशी," तो म्हणाला.

बाहेर रस्त्यावर वाशिमकडून येणारी बस अजून लांब होती. गोपीचंद त्याच्याबरोबर चालत आला. दोघं एका बंद टपरीच्या सावलीत उभे राहिले.

"मायले सांगितलं न्हाईस," गोपीचंद म्हणाला.

"तिला सांगून काय करू?"

"वैजू, एक चहा तरी घेऊन जा. जुनंच हॉटेल हाय."

"बस आली," वैजनाथ म्हणाला, आणि ती यायच्या आतच दोन पावलं पुढं जाऊन उभा राहिला.

मिराबाई दिवाळीच्या आधी गेल्या. वैजनाथ मातीला गेला नाही. त्या दिवशी तो शाळेत होता, तासही घेतला, आणि मधल्या सुट्टीत नेहमीसारखा कोपऱ्यात डबा उघडून बसला. मला हे नंतर कळलं, तेव्हा मी आठवून पाहिलं, पण त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर वेगळं काही दिसल्याचं मला आठवत नाही.

गोपीचंदचे फोन अजून येतात, सणावाराला तर हमखास. मी हळदीचे पैसे देऊन निघालो तेव्हा पुनम अंगणापर्यंत आली. ती म्हणाली, "फोन वाजला की हे आधी नाव बघतेत. मग पालथा करून ठेवतेत. उचलत बी न्हाईत अन् बंद बी करत न्हाईत. वाजून वाजून थांबेस्तोवर तिथंच बसून राहतेत."